अण्णांचा पुतळा थांबला तरी चालेल, त्यांचं दप्तर भंगारात घालू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. आपल्याला ते सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना ते कळून फारसा उपयोग नाही. आपल्याकडे जे चाललंय ते महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या कारखान्यांत चालू असणार, म्हणूनच हे पत्र उघड लिहिते आहे. आधी खासगी लिहून पाहिलं. त्यावर कंपनी सचिवांच्या सहीचं उत्तर आलं, त्यात माझ्या भावनांचा आदर केला होता आणि विषय संपवला होता. माझा प्रश्न भावनांचा नव्हता, कागदांचा होता.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या वडिलांनी पन्नासच्या दशकात एका शेडमध्ये लोखंडाच्या ओतकामाची फाउंड्री सुरू केली, पुढे तिथे पंप आणि पंपाचे सुटे भाग बनू लागले. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हळूहळू कारखान्यातही ते अण्णाच झाले. आता जुना प्लांट बंद करून सगळं काम नव्या जागी नेलंय. अण्णांच्या जन्मशताब्दीनिमित्त नव्या प्लांटच्या गेटपाशी ब्राँझचा अर्धपुतळा, आत एक स्मृतिदालन आणि त्यात दाखवायला माहितीपट, असं कंपनीने जाहीर केलं. कार्यक्रमपत्रिका छापून आली, त्याच सुमारास जुन्या गेटवर भंगाराची निविदा लागली. त्यात पत्रे, रॅक आणि जुन्या मोटारींच्या जोडीला "रेकॉर्ड रूममधील कालबाह्य कागद" आणि "पॅटर्न शॉपमधील निरुपयोगी लाकडी साहित्य" अशा दोन बाबी आहेत. (पॅटर्न म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उमटवून ओतकामाचा साचा करतात, तो लाकडी नमुना.) म्हणजे गेटवर अण्णांचा पुतळा येणार आणि त्यांच्या हातचं सगळं किलोवर जाणार.

आपल्यापैकी काही जण त्या खोलीत कधी गेलेही नसतील, तेव्हा आत काय आहे ते सांगते. अगदी सुरुवातीपासूनचे हजेरीपट आणि पगारपत्रकं आहेत. पंपांची ड्रॉइंग्ज, ट्रेसिंग कापडावरची आणि निळ्या ब्लू प्रिंटची. फाउंड्रीची हीट रजिस्टरं, म्हणजे भट्टीतून दर वेळी ओतलेल्या लोखंडाच्या नोंदी. परवाना राज्याच्या काळातला दिल्लीशी झालेला पत्रव्यवहार, ज्यात एका मशीनच्या आयातीसाठी किती अर्ज, किती स्मरणपत्रं आणि किती "विचाराधीन आहे" हे सगळं तारखेनुसार लावलेलं आहे. ग्राहकांच्या तक्रारींची वही आहे. आणि अण्णांच्या डायऱ्या आहेत, ज्या कंपनीच्या कपाटात राहिल्या कारण ते त्या तिथेच बसून लिहीत.

त्या डायऱ्यांतली एक नोंद मला पाठ आहे. "कास्टिंगला पुन्हा ब्लो-होल. वाळू ओली. धाकटीचा ताप उतरला. मोल्डरशी उद्या बोलणे." ब्लो-होल म्हणजे ओतीव भागात वायू अडकून पडलेलं भोक, मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करणारा, आणि धाकटी म्हणजे मी. सचिवांच्या उत्तरात म्हटलंय की यातला खासगी भाग कुटुंबाने हवा तर न्यावा, उरलेल्याला व्यावसायिक मूल्य नाही. आता या चार वाक्यांतला खासगी भाग कोणता तो आपणच कापून दाखवा. दिल्लीला गेले की अण्णा उद्योग भवनातल्या बाकावर बसून मला पत्र लिहायचे, तेही कार्बन लावून, कारण वही कार्बनचीच असे. त्यामुळे आयात परवान्याच्या अर्जाच्या प्रतीखाली, त्याच तारखेची, मला लिहिलेल्या पत्राची प्रत सापडते. त्यात साहेबाची वाट बघताना काढलेलं पंख्याचं चित्र आहे आणि खाली सूचना: भागाकाराचं उत्तर भाजकाने गुणून बघत जा, बाकी मिळवायला विसरू नकोस, मगच वही बंद कर.

म्हणूनच माहितीपटाबद्दलची माझी तक्रार नुसती मुलीचा हट्ट म्हणून बाजूला सारू नये. त्याचा मसुदा माझ्याकडे "माहितीसाठी" आला, मत मागितलं नव्हतं. पण त्यातलं एक वाक्य असं आहे की अण्णांनी संसाराकडे पाठ फिरवून ही कंपनी उभी केली. हे कुणी सांगितलं? उद्योजकाची थोरवी दाखवायची तर त्याने घर वाऱ्यावर सोडलंच पाहिजे, असा काहीतरी संकेत पडून गेलाय. आमच्या घरी उलट होतं. अण्णा उशिरा यायचे, पण यायचे. माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरला केंद्राबाहेर उन्हात उभे होते, त्या दिवशी कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टर येणार होते आणि त्यांना फोरमनने सांभाळलं. ही नोंदसुद्धा डायरीत आहे, फोरमनच्या नावासकट आणि "चोख केले" या शेऱ्यासकट.

त्याहून गंभीर बाब आवाजाची. एका जुन्या कॅसेटवरून संगणकाने अण्णांचा आवाज तयार करून त्यांच्या तोंडी निवेदन घातलंय. "कंपनी हेच माझं कुटुंब, आणि प्रत्येक कामगार माझं लेकरू" असं तो आवाज म्हणतो. अण्णा हे कधी बोलले नाहीत. कामगाराला लेकरू म्हटलेलं त्यांना आवडतही नसे. एका समारंभात कुणीतरी त्यांना कामगारांचे वडील म्हटलं, तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, "त्यांना वडील आहेत की घरी. माझ्याकडून त्यांना सात तारखेच्या आत पगार हवाय." सात तारीख त्यांनी कायद्यातूनच उचलली होती. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्याला तीच मुदत होती. पण अण्णांना ती कायद्याहून जास्त वाटायची. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं कुणाच्याही बाबतीत चूक आहे. इथे तर घातलेलं वाक्य त्यांच्या मताच्या बरोब्बर उलटं आहे.

आणि सात तारीख चुकल्याचाही पुरावा त्या खोलीत आहे. मंदीच्या एका वर्षात पगार लांबले. त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: "पगार झाले नाहीत. मागच्या दाराने गेलो." मसुद्यात हे वर्ष गाळलेलंच आहे, त्याच्या आधीच्या वर्षावरून गोष्ट थेट नंतरच्या वर्षावर उडी मारते. मी हे वर्ष ठेवा म्हणते. ज्या माणसाला पगार लांबल्यावर पुढच्या दाराने जाववलं नाही, तो माणूस सगळं वेळेवर करणाऱ्या ब्राँझच्या माणसापेक्षा लोकांना नक्कीच जास्त समजेल.

आता 1972 च्या दुष्काळाबद्दल. माहितीपटात त्याला मोठी जागा दिलीय: महाराष्ट्रात पाणी नव्हतं, आणि आपल्या कंपनीने गावोगाव हातपंप पोचवले. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं तक्रारींच्या वहीत आहे. त्या काळचे ओतीव लोखंडाचे हातपंप मुळात एखाद्या घराच्या वापरापुरते बेतलेले होते. विंधन विहिरीवर बसवल्यावर त्यांचा दांडा सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हलवायचं. मग पिन झिजायची, दांडा तुटायचा, कास्टिंगला तडा जायचा. ही काही आपल्या एकट्याच्या पंपांची गत नव्हती. सत्तरच्या दशकात बसवलेल्या पंपांपैकी फार मोठ्या संख्येने पंप बंद पडलेत हे युनिसेफच्याही लक्षात आलं, आणि त्यातूनच पुढे पोलादी 'इंडिया मार्क टू' हा पंप आला, जो नंतर जगभर गेला. अण्णांनी काय केलं? परत आलेल्या प्रत्येक पंपाचा कोणता भाग कुठे तुटला ते लिहून ठेवलं, शेजारी पेन्सिलीने छोटी आकृती काढली. फिटर घेऊन स्वतः गावात गेले. एका नोंदीत लिहिलंय, "चूक आपली. बाई दांड्यावर पूर्ण भार टाकते, आपण मनगटाचा भार धरला होता." मला विचाराल तर अण्णांचं सगळं मोठेपण या एका ओळीत आहे, आणि आपण ती किलोवर विकायला काढली आहे.

या मार्क टूचीच पुढची गोष्ट आपण जरूर ऐकावी, कारण ती आपल्या शेजारची आहे. त्या पंपाचं मूळ सोलापूरच्या पंपात आहे, असं त्याच्या इतिहासात सांगितलं जातं. तो कुणी बनवला? तर बहुतेक ठिकाणी "एका स्वशिक्षित भारतीय मेकॅनिकने" एवढाच उल्लेख येतो. लाखो विहिरींवर ज्याच्या डोक्यातली कल्पना पोचली, त्याचं नाव गोष्टीतून गळून पडलं. त्याच्या कारखान्याच्या वह्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज आपली निविदा वाचल्यावर मला येतो.

याच्या उलट उदाहरणंही महाराष्ट्रातच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते आणि नांगर बराच काळ पडून राहिले. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे आज आपण शाळकरी मुलांनाही सांगू शकतो, कारण त्या मंडळींनी लिहिलं, छापलं आणि जपलं. न खपलेल्या नांगरांची गोष्ट लपवली नाही, म्हणून तर खपलेल्या नांगरांची गोष्ट खरी वाटते. टाटांनी 1991 मध्ये सेंट्रल आर्काइव्हज उभं केलं, ते आता पुण्यात आहे. गोदरेजचं आर्काइव्हज 2006 पासून विक्रोळीत आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आणि भविष्य निर्वाह निधी 1920 मध्ये आला, हे आज तारखेनिशी सांगता येतं. आपण टाटा नाही, हे मला ठाऊक आहे. पण एक कोरडी खोली आणि एक जाणता माणूस एवढं आपल्याला नक्की परवडतं. पुतळ्याचा चौथरा थोडा बुटका केला तरी भागेल.

कंपनी सचिवांनी कायद्याचा आधार दिलाय. कंपनी कायदा, 2013 नुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात आणि आपण त्याहून जास्त ठेवली, असं ते म्हणतात. बरोबर आहे. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदाही सरकारी कागदांपुरता आहे, खासगी कंपनीला तो लागत नाही. म्हणजे आपण बेकायदा काहीच करत नाही आहात, असा आरोप मी केलेलाही नाही. मात्र आठ वर्षांनी जाळा असं कोणताही कायदा सांगत नाही. आणि त्याच कायद्याखालच्या नियमांनुसार बैठकांच्या इतिवृत्तांची पुस्तकं कायम जपावी लागतात, एवढं "कालबाह्य" ठरवणाऱ्याने तपासलंय का? निविदेत यादी जोडलेली नाही. खोलीत काय आहे याची यादी न करताच ते विकायला काढलंय, ही माझी सगळ्यात साधी तक्रार.

पण माझ्याहून मोठा हक्क आहे तो जुन्या कामगारांचा, आणि याबद्दल आपल्या उत्तरात चकार शब्द नाही. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन बसायला दहा वर्षांची पात्र सेवा लागते. कुणाच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, कुणाची जन्मतारीख अंदाजे लिहिलीय, कुणाची मधली वर्षं खात्यावर दिसतच नाहीत. अशा वेळी माणूस कुठे जातो? कंपनीच्या दारात, जुना हजेरीपट बघायला. वाढीव पेन्शनबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2022 ला आला, त्यानंतर जुन्या पगाराचे तपशील शोधताना किती जणांची पळापळ झाली ते आपल्या मनुष्यबळ विभागाला विचारा. दुसरं, फाउंड्रीतली सिलिकाची धूळ. सिलिकोसिस बरेचदा काम सोडून वर्षं उलटल्यावर दिसतो. तेव्हा दम लागलेल्या माणसाला आधी हे सिद्ध करावं लागतं की तो कुठे, कोणत्या खात्यात, किती वर्षं होता. शेक-आउटला, म्हणजे साचे फोडून वाळू झाडायच्या धुळीच्या कामाला, कोण होतं आणि स्टोअरला कोण होतं, हे सांगणारा एकच कागद आहे आणि तो त्या खोलीत आहे. कामगाराला समारंभात लेकरू म्हणायचं आणि त्याचा हजेरीपट रद्दीत घालायचा, हे एकाच वेळी कसं जमतं?

लाकडी पॅटर्नबद्दल फार लिहीत नाही. सगळे ठेवा असं मी म्हणत नाही, निम्म्यांना वाळवी लागली असेल. पण पहिल्या पंपाचा पॅटर्न सागवानाचा आहे, त्यावर पॅटर्नमेकरने खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं आहेत, आणि तो कोणत्या कपाटात आहे हे सांगणारी दोन-तीन माणसं अजून हयात आहेत. त्यांना आताच विचारावं लागेल.

माझे थोरले बंधू संचालक मंडळावर आहेत आणि या निर्णयाला त्यांची संमती होती. त्यांच्याशी माझं बोलणं झालं. ते इथे लिहिणार नाही. भावंडांचं भांडण म्हणून कुणी या पत्राकडे बघू नये म्हणून एवढा उल्लेख केला.

आता मागण्या.

भंगाराच्या निविदेतून कागद आणि पॅटर्न या दोन बाबी ताबडतोब काढाव्यात. लोखंड, पत्रे, मोटारी खुशाल विका.

इमारत पाडण्याआधी खोलीची यादी व्हावी. ती दप्तर सांभाळायचं शिक्षण घेतलेल्या माणसाने करावी, आणि त्याच्यासोबत जुने टाइमकीपर, ड्रॉइंग ऑफिसमधले निवृत्त ड्राफ्ट्समन आणि पॅटर्न शॉपमधलं कुणीतरी बसावं. त्यांना त्या दिवसांचं मानधन द्यावं, नुसती शाल-श्रीफळ नको.

हजेरीपट, पगारपत्रकं आणि अपघात नोंदी यांचा वेगळा संच करून तो कंपनीने कायम ठेवावा. निवृत्त कामगाराने किंवा त्याच्या वारसाने मागितल्यास त्याच्या नोंदीची साक्षांकित प्रत विनामूल्य आणि ठरावीक मुदतीत द्यावी. हे ठरावाने मंजूर करून नोटीस बोर्डावर लावावं.

संगणकाने बनवलेला अण्णांचा आवाज माहितीपटातून पूर्ण काढावा. कॅसेटवर ते जे बोलले तेवढंच, जसं आहे तसं वापरा. खोकल्यासकट. संसाराकडे पाठ फिरवल्याचं वाक्य गाळा आणि पगार लांबल्याचं वर्ष घाला.

डायऱ्या आणि पत्रांच्या प्रती मला घरी नकोत. त्या बाकीच्या दप्तरापासून तोडल्या तर दोन्हींचा अर्थ जाईल. त्या तिथेच, त्याच क्रमाने राहू द्या, आणि अभ्यास करणाऱ्याला रीतसर अर्ज करून बघता येतील अशी सोय करा. घरातलं त्यात जे आहे ते लोकांनी वाचायला माझी हरकत नाही, तसं लेखी द्यायला मी तयार आहे. कंपनीला हे सांभाळणं खरोखरच शक्य नसेल तर तसं स्पष्ट कळवा. एखाद्या विद्यापीठाने किंवा अभिलेखागाराने ते घ्यावं यासाठी मी स्वतः फिरेन. तोवर कुलूप लावून ठेवा, एवढीच अपेक्षा आहे.

आपण ही कामं सुरू केलीत तर पुतळ्याच्या अनावरणाला मी येईन आणि पहिल्या रांगेत बसेन. नाही केलीत तर वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारक म्हणून हेच प्रश्न विचारीन. निविदा उघडण्याच्या तारखेआधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
संस्थापकांची धाकटी मुलगी आणि कंपनीची भागधारक

ता. क. स्मृतिदालनात भिंतीवर मूळ ब्लू प्रिंट काचेत लावायचा बेत आहे, असं ऐकलं. तसं करू नये. ब्लू प्रिंटचा निळा रंग उजेडात उडतो. भिंतीवर चांगली छायाप्रत लावावी, मूळ प्रत अंधारात, सपाट आणि कोरडी ठेवावी. ड्रॉइंग ऑफिसमधल्या निवृत्त मंडळींना हे माहीत आहे, त्यांना विचारलं तर ते गुंडाळ्या उलगडायलाही येतील.